शिष्यवृत्तीवाली

बाई,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज मला तुमच्याशी भांडल्यासारखं बोलायचंय. भांडण तुमच्याशी नाही. पण ज्यांच्याशी आहे त्यांच्यासमोर मी आवाज खाली ठेवून बोलले, आणि उरलेला आवाज अजून छातीत तसाच अडकून बसलाय. तो कुठे न्यावा कळेना, म्हणून तुमच्याकडे आले. शाळेत असताना यायची तशी.

मी अजून सौदीतच आहे. कतीफमध्ये राहते, जवळच्याच एका हॉस्पिटलात डायलिसिसला नर्स आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी इथे नवी होते, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, हातात आला नव्हता आणि त्याशिवाय देश सोडता येत नव्हता. तुमच्या मातीला मला येता आलं नाही. नवरा राबिघला रिफायनरीत असतो, सुट्टी मिळाली की येतो. एरवी घरात मी आणि माझी लेक. ती इथल्या इंडियन स्कूलमध्ये आठवीत आहे. मी मराठीत विचारते, ती इंग्रजीत उत्तर देते. गाडी मीच चालवते. हे ऐकून तुम्ही चष्मा काढून हसला असतात.

हॉस्पिटलात माझी एक मैत्रीण आहे. अमेरिकन, पन्नाशीची, नवीन नर्सेसना शिकवायचं काम तिच्याकडे. ती स्वतःला ब्लॅक म्हणते, मान वर करून म्हणते, म्हणून मीही तसंच लिहिते. वॉर्डात ती आली की खुर्चीत पसरलेल्या पोरी आपोआप सावरून बसतात. तिची मुलगी तिकडे त्यांच्या राज्यातल्या सरकारी कॉलेजात रसायनशास्त्र शिकते. शिकत होती, म्हणायला हवं. तिला ब्लॅक मुलांसाठी ठेवलेली शिष्यवृत्ती होती. सरकारने ठरवलं की रंग बघून मदत देणं हा बाकीच्या मुलांवर अन्याय आहे, आणि ती शिष्यवृत्ती बंद केली. मुलगी तिसऱ्या वर्षाला. अर्धा रस्ता पार केलेल्या पोरीला मधेच उतरवून दिलं.

हे तिने मला पॅन्ट्रीत सांगितलं, जेवणाचा डबा न उघडता. आधी मला वाटलं ती रडेल. ती रडली नाही. म्हणाली, "माझे आजोबा त्याच कॉलेजात फरशी पुसायला होते. पुसायला आत जायचं, बाकावर बसायचं नाही. तेव्हा कुणाला समानता आठवली नाही. आता माझी मुलगी बाकावर बसली तर म्हणतात, समानता बिघडली." मी विचारलं, कुणी काही बोललं नाही का, विरोधी पक्ष वगैरे? ती हसली. ते हसणं मी ओळखते. म्हणाली, "बोलले ना. कॉलेजच्या पायऱ्यांवर आले, मुलांना मागे उभं केलं, फोटो काढले. माझ्या मुलीच्या खांद्यावर एकाने हात ठेवला होता. मग सभागृहात मतदान आलं तेव्हा त्यातलेच काही बाहेर निघून गेले."

बाई, मला तिथे उभ्या उभ्या आपलं शाळेचं वसतिगृह दिसायला लागलं. आमची शिष्यवृत्ती अडकलेली, मेसवाल्याने डाळ पातळ केलेली, आणि कुठलेसे नेते हार घालून घ्यायला आलेले. आम्हा मुलींना रांगेत उभं केलंय. फोटोवाला म्हणतो, जरा हसा. आणि तुम्ही मागून, त्या जाड खादीच्या साडीत, पुढे येऊन म्हणता, "फोटो झाला असेल तर साहेब, आता ते पैसे का अडकलेत तेवढं सांगा." ते तुमच्याकडे बघतात, मग घड्याळाकडे बघतात आणि गाडीत बसतात. तुम्ही गाडीमागे चार पावलं चालत गेलात, काचेशी वाकून पुन्हा तेच विचारलंत. त्या वेळी मला तुमची लाज वाटली होती. एवढ्या मोठ्या माणसाला असं कुणी बोलतं का, असं वाटलं होतं.

आणि त्याच्याही आधीचं एक. नववीत आहे मी. हेडक्लार्क वर्गात येऊन म्हणतो, "सवलतीच्या मुली, उभ्या राहा." आम्ही सातआठ जणी उभ्या राहतो, मी बाकावरचा खिळा बघत. संध्याकाळी तुम्ही मला घरी बोलावलंत. तुमचं ते एका खोलीचं घर, पडद्यापलीकडे स्वयंपाकघर, भिंतीवर निळ्या कोटातला फोटो. तुम्ही भाकरी थापत होतात. मला वाटलं जेवायला बोलावलंय. तुम्ही माझ्याकडे न बघता विचारलंत, "सकाळी मान का खाली होती?" मी तुमच्या परातीकडे बघितलं. "चोरी केलीस?" नाही म्हटलं. "भीक मागितलीस?" नाही. तव्यावरची भाकरी फुगली, करपली, तुम्ही काढली नाहीत. "तुझ्या आजीने गावाची मेलेली गुरं ओढली, गाव झाडलं, आणि तिला नदीच्या खालच्या अंगाला पाणी भरायला लावलं. शाळेच्या भिंतीला टेकून बसली म्हणून तुझ्या बापाला मारलं. त्या सगळ्याचं हे एवढंसं परत येतंय. देणाऱ्याने मान खाली घालावी. तू कशाला?" मग तुम्ही ती करपलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेतलीत आणि मला चांगली वाढलीत. नर्सिंगला निघाले तेव्हा तुम्ही मला पांढरे बूट आणून दिलेत, एक नंबर मोठे, पाय वाढेल म्हणून. एकोणिसाव्या वर्षी पाय कुठला वाढतोय. मी पुढे कापूस भरून तीन वर्षं ते वापरले.

आता त्या शुक्रवारचं सांगते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले.

आमच्या युनिटचे मोठे डॉक्टर पुण्याचे. त्यांच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणतो. शुक्रवारी त्यांच्याकडे आसपासच्या मराठी लोकांचं जेवण असतं. गेली सहासात वर्षं मी जाते. माझ्या सासरच्या आडनावावरून काही कळत नाही. मी लपवलं नव्हतं, बाई. सरळ कुणी विचारलंच नाही. आडून आडून विचारायचे, माहेरचं आडनाव काय, तुमच्याकडे लग्नात काय काय करतात, कुलदैवत कुठलं. मी गावाचं नाव सांगून विषय संपवायचे. त्या शुक्रवारी मैत्रीण एकटी बसून राहील म्हणून मी तिला बरोबर नेलं. वहिनींनी अळूवडी केली होती, मसालेभात केला होता. मैत्रिणीला कौतुकाने वाढलं. आणि गप्पांत तिच्या मुलीचं निघालं.

सगळे हळहळले. मनापासून हळहळले, ते खोटं नव्हतं. वहिनी तिच्या हातावर हात ठेवून इंग्रजीत म्हणाल्या, किती भयंकर आहे हे. डॉक्टर म्हणाले, ज्यांना शेकडो वर्षं गुलाम केलं त्यांना थोडा हात द्यायचा तर त्यातही यांच्या पोटात दुखतं. एकजण म्हणाला, अमेरिकेत माणुसकीच उरली नाही. मैत्रिणीने सगळ्यांचे आभार मानले. मला फार बरं वाटलं, अगदी डोळ्यात पाणी आलं. वाटलं, आपली माणसं चांगली आहेत.

मग डॉक्टरांनी दह्याचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि मराठीत म्हणाले, "आपल्याकडे मात्र उलटी गंगा. आपल्या सरकारने हे कधीच बंद करायला हवं होतं. परवा बातमी होती, शिष्यवृत्ती रखडली म्हणून मोर्चा काढलाय. फुकटचं खायची सवय लागली की असंच होतं. गुण नाहीत आणि डॉक्टर व्हायचंय." वहिनी म्हणाल्या, "आणि हातात फोन बघावेत त्यांच्या." हसले सगळे. मोठ्याने नाही, जेवताना हसतात तसं.

ती बातमी मीही वाचली होती. मराठवाड्यातल्या मुली होत्या, वसतिगृहातून काढलेल्या, उन्हात रस्त्यावर बसलेल्या. आपल्याच.

माझा घास तोंडात होता. मी तो गिळला आणि म्हटलं, "सर, मी त्या शिष्यवृत्तीवर शिकले. शाळेपासून नर्सिंगपर्यंत."

वहिनी पहिल्यांदा सावरल्या. म्हणाल्या, "अगं, तुझ्याबद्दल कुठे म्हटलं कुणी? तू वेगळी आहेस. तू तर किती हुशार आहेस." डॉक्टर म्हणाले, "तुम्ही पर्सनली घेऊ नका सिस्टर, मी जनरल बोललो." घरी ते मला ताई म्हणायचे. त्या क्षणी सिस्टर झाले.

मैत्रीण माझ्याकडे बघत होती. तिने विचारलं, काय झालं? आणि मी, बाई, सगळं इंग्रजीत सांगितलं. सगळ्यांच्या देखत. डॉक्टर आत्ता काय म्हणाले, वहिनी काय म्हणाल्या, फुकटचं खाणारे म्हणजे कोण, आमच्याकडे कुणाला पाण्याला शिवू देत नव्हते, आणि मी त्यातली कोण. एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. डॉक्टर मधे म्हणाले, "हे हिला सांगायची काय गरज आहे? आपल्या घरातलं आहे हे." मी त्याचंही इंग्रजी केलं.

मैत्रिणीने ताट खाली ठेवलं. डॉक्टरांना अगदी शांतपणे म्हणाली, "पाच मिनिटांपूर्वी तुम्ही माझ्या मुलीबद्दल जे बोललात, ते हिच्याबद्दल बोलता येत नाही का?" डॉक्टर म्हणाले, दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, तुम्हाला भारत माहीत नाही. ती म्हणाली, "मला तुमचं वाक्य माहीत आहे. आमच्याकडेही हेच म्हणतात, शब्दाला शब्द." आणि उठली. मीही उठले. लेकीला हाक मारली. ती आतल्या खोलीत मुलांत बसली होती, पण दार उघडं होतं.

गाडीत मैत्रीण पुढे, लेक मागे. मैत्रिणीला तिच्या कंपाउंडपाशी सोडलं, तिने उतरताना माझा खांदा दाबला. गाडी पुन्हा रस्त्याला लागली तेव्हा मागून आवाज आला, "मम्मा, आर वी दॅट?"

"ते म्हणजे काय?"

ती सीटवर पुढे सरकली. मग मराठीत म्हणाली, कधी नव्हे ते, "ते अंकल बोलले ना, फुकटवाले."

मी गाडी बाजूला घेतली. तुमची भाकरी, आजीचा पाणवठा, शाळेची भिंत, सगळं तिला सांगितलं. तुमच्याच शब्दांत सांगायचा प्रयत्न केला, जमलं तेवढं. तिने शेवटी विचारलं, "पण मग त्यांनी सॉरी म्हणायला पाहिजे ना? कुणी म्हटलं का?" मी म्हटलं, अजून नाही.

नवऱ्याला फोन केला तर तो आधी म्हणाला, "कॉन्ट्रॅक्टचं काय?" तो भित्रा नाही. इकामा दुसऱ्याच्या हातात असला की माणूस असाच आधी विचारतो. त्याचं खरंही ठरलं. युनिटचं इन्चार्जपद मला मिळणार हे जवळजवळ नक्की होतं, ते दुसरीला दिलं. कारण सांगितलं की माझा स्वभाव टीमला धरून नाही. डॉक्टर राउंडला येतात, पेशंटचं विचारतात, माझ्याकडे न बघता विचारतात. शुक्रवारचं बोलावणं थांबलं. वहिनी एकदा दुकानात भेटल्या तर म्हणाल्या, "तू बाहेरच्या बाईसमोर आम्हाला इतकं खाली बघायला लावलंस." मी म्हटलं, "वहिनी, मी फक्त भाषांतर केलं." त्यांनी ट्रॉली वळवली.

मला अजून झोपताना दात आवळल्यासारखे वाटतात. तिकडच्या सरकारचा राग येतो, पायऱ्यांवर फोटो काढून पळालेल्यांचा येतो. पण त्याहून जास्त राग मला त्या हळहळीचा येतो. दूरच्या माणसासाठी इतकं पाझरणारं काळीज स्वतःच्या गावच्या पोरीपाशी येऊन कसं सुकतं? काचेत ठेवल्यासारखी दया. आपल्या दारात नसेल त्याच्यावरच करायची.

मैत्रीण या वर्षी कायमची घरी जाणार होती. मुलीच्या पदवीदानाला बसायचं म्हणून सुट्ट्या साठवल्या होत्या. आता तिने कॉन्ट्रॅक्ट वाढवून घेतलंय. इथल्या पगारावर मुलीला पुन्हा कॉलेजात घालणार. मुलगी सध्या एका दुकानात काम करते, आणि बाकीच्या मुलांबरोबर कोर्टातही गेलीय. "भांडायला ती माझ्यापेक्षा वाईट आहे," मैत्रीण अभिमानाने म्हणते. आम्ही दोघी आता पॅन्ट्रीत एका टेबलावर जेवतो आणि कुणी शेजारी येऊन बसलं नाही तरी चालतं. मराठवाड्यातल्या त्या मुलींचं पुढे काय झालं, ते मी रोज बातम्यांत शोधते. अजून काही आलेलं नाही.

हे मी कुठे पाठवणार? तुमच्या त्या खोलीत आता दुसरं कुणी राहतं. राहू दे. फक्त एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली, ती मी मैत्रिणीलाही सांगितलेली नाही. तिला वाटतं मी त्या दिवशी तिच्यासाठी इंग्रजीत बोलले. लेकीला वाटतं मी फार धीट आहे. खरं एवढंच, की इंग्रजी माझ्यासाठी ड्युटीची भाषा आहे, तिच्यात माझा आवाज हलत नाही. तेच सगळं मराठीत बोलायला गेले असते, तर पहिल्या वाक्यालाच रडले असते.