दोन डबे, एकच तार

चारकोप, मंगळवार संध्याकाळ

मेल्यांनो, डबे विकता तर एकमेकांशी बोलणारे तरी विका! आतल्या खोलीत मोबाइलला रेंज नाही, म्हणून भिंतीतल्या विजेच्या तारेतून नेट आत नेणारे दोन डबे घेतले होते. आतला जळला. जावई दुसऱ्या कंपनीचा घेऊन आला. हिरवा दिवा लागला, मी हळदकुंकूसुद्धा लावलं. पण नेट येईना. नात म्हणाली, "आजी, दोघांचे नियम वेगळे गं. एकाच तारेवर असून ओळख देत नाहीत." मग विकतात कशाला?

आज बोटीवर नोकरीला असलेल्या आमच्या पोराची, सुरेशची बोट बंदराला लागली, व्हिडिओ कॉल आला. आमचे हे आत खाटेवर, उठवत नाही. मोबाइल घेऊन आत धावले, तर पोराचा चेहरा थिजला. बाहेर आले की बोलतो, आत नेला की थिजतो. हे विचारतात, "काय गं, म्हणाला काय?" मी काय सांगू? आणि तो हिरवा दिवा जळतोच आहे, निर्लज्ज.

बोट उद्या सुटेल. त्याआधी सुरेशचा फोन आला तर मी उचलणार नाही. जावयाने उचलायचा. "बाबांना दाखव" म्हणाला, की उत्तरही त्यानेच द्यायचं.