उत्कर्षची सायकल

आई,

चहा थर्मासमध्ये आहे. दुपारी दुकानातला माणूस उत्कर्षची सायकल न्यायला येईल. त्याला खालच्या तळघराची, त्या केलरची किल्ली द्या. जर्मनमध्ये 'डांके', म्हणजे धन्यवाद, एवढं म्हटलंत तरी पुरे, तो जास्त काही विचारणार नाही.

उत्कर्षने तुम्हाला सायकल विकत घेतली म्हणून सांगितलं होतं. खरं तर ती कंपनीची. दर महिन्याला त्याच्या पगारातून तिचं भाडं कापलं जायचं, आणि मुदत संपली की आम्ही ती घेणार होतो. तो गेला, पगार थांबला, म्हणून कंपनीने ती दुकानामार्फत परत मागितली आहे. तुम्ही रोज खाली जाऊन तिच्यावर फडकं फिरवता, त्यामुळे हे तोंडावर सांगायला माझी जीभच रेटेना. रागावू नका.

मागची अन्वीची छोटी सीट आपली आहे, ती काढून ठेवली आहे. तिला आज किटाच्या पाळणाघरातून मी उशिराच आणेन. बाबाची सायकल जाताना तिने बघायला नको. मलाही बघवणार नाही.

सायकल स्वच्छ करून द्या, असं त्यांनी कळवलं होतं. चाकांमधला चिखल धुतला, चेन पुसली. हँडलखालच्या खाचेत दसऱ्याचं कुंकू अजून आहे. तुम्ही व्हिडिओ कॉलवर सांगत होतात, मी लावत होते आणि तो नुसता हसत होता. ओलं फडकं घेऊन मी तिथे बराच वेळ उभी होते, पण तेवढं काही मला पुसता आलं नाही.

तुम्हीही पुसू नका. दुकानात पुसतील तर पुसू देत. आपल्या घरातून ते तसंच जाऊ दे.

सुरुची