खरवडलेली जीभ

वैद्याकडे जाताना जीभ खरवडून जा, हे नातीला फोनवरून सांगायचं तुम्हाला कुणी सुचवलं?

अहो चुनशानचे बाबा, नमस्कार. मी क्वांगचौत चुनशानकडे बरी आहे. नात सुईपिंग बरी नाही. तोंडाला वास येतो म्हणून ती तोंडावर हात धरून बोलते, आमच्यात जेवत नाही. तुमचं ऐकून खरवडलेली स्वच्छ जीभ बघून वैद्याने पोटात थंडी ठरवली, सुंठ दिली. तोंडभर फोड आले!

काल मी तिला जीभ घासू न देता नेलं. पिवळा थर बघून वैद्य म्हणाला, "आजी, पाटी पुसून आणल्यावर मी वाचू काय?" थंडी नव्हे, पोटात उष्णता निघाली. आता शेवंतीचा काढा, मुगाची पेज चालू आहे.

तुमचा खोकला कसा आहे?

पोरीची माफी मागा. फोनवर नको, पत्रानं; ते तुम्हीच लिहायचं. शेजाऱ्याकडून लिहवून घेतलंत तर चुलीत घालीन.