चालता फ्रिज

बेडोक, सिंगापूर. मंगळवार, मार्च २०१४. संध्याकाळ.

चालता फ्रिज उचलून नेला! सकाळी त्यातलंच दही खाल्लं मी, घट्ट, गार. दुपारी दोन माणसं नवा, मोठा घेऊन आली आणि जुना घेऊन गेली. "इसका क्या करोगे?" मी विचारलं. एकाने मूठ आवळून चुरगाळून दाखवलं. चालता फ्रिज!

नितीन ऑफिसातून आल्या आल्या त्याला धरलं. पोरगा हसला. "बाबा, सगळे तुमच्यासारखे पुरवून पुरवून वापरायला लागले तर दुकानं चालतील का? मग आमचं सॉफ्टवेअर कोण घेणार? दरवर्षी वाढ लागते. ती थांबली की आधी माझी नोकरी, मग इथे राहायचा पास, मग चला सगळे पुण्याला." वर नात इथल्या इंग्रजीत म्हणते, "आजोबा, ओल्ड ऑलरेडी लाह!"

दरवर्षी वाढ? कुठवर? माणूससुद्धा विशीत वाढायचा थांबतो. मी सातवी शिकलेला, मला काय कळणार म्हणा. पण आमची ही होती तेव्हा बांगडी फुटली तरी 'फुटली' म्हणायची नाही, 'वाढली' म्हणायची. नारळसुद्धा आपण फोडत नाही, वाढवतो. मग चालता फ्रिज आज वाढला, असंच ना?

देवापुढे दिवा लावला आणि रोजच्यासारखं म्हणायला गेलो, 'नितीनची नोकरी वाढू दे.' जीभ अडखळली.

'राहू दे' एवढंच म्हटलं.