या वेळी मागे बाजा नव्हता

प्रिय देविदास,

तुझी गाडी आदिलाबादच्या आसपास आली असेल. ती कोरपन्याला पोचायच्या आत मला तुझ्या मायला सांगायचं आहे, की तू गेलास. पाय उचलत नाही, म्हणून आधी तुलाच लिहायला बसलो.

राग मानू नको, पण काल सकाळी तो व्हिडिओ आला तेव्हा मी हसलो. पांढऱ्या कापडात तू निजलेला, गळ्यात जाडजूड हार. अख्ख्या चौकात हशा पिकला. चहावाला गणपत म्हणाला, "घ्या, भाऊ पुन्हा मेला. या बारीनं कोन्या हिरोनं मारलं?"

आमचं काय चुकलं, तूच सांग. इतकी वर्षं तू दर तामिळ पिक्चरमध्ये मरतच आलास. कधी ट्रकखाली, कधी देवळाच्या पायरीवर, एकदा तर नारळाच्या ढिगात.

मग मी तो व्हिडिओ कानाशी धरून पुन्हा लावला. माझे कान तुला ठाऊक आहेत. एका भोंग्यावर लाउडस्पीकरचा धंदा सुरू केलेला माणूस मी. झाडीपट्टीच्या नाटकात तू खलनायकाचं हसू हसायच्या आधी नाकातून श्वास ओढायचास, तेवढ्यात मी माईकचा आवाज खाली करायचो. या व्हिडिओत मागे बाजाच नव्हता रे. पंख्याची घरघर होती. कोणीतरी खोकलं. एका बाईनं तामिळमध्ये काही विचारलं आणि मधेच थांबली. पिक्चरवाले एवढी शांतता कधी ठेवतात का?

तुझ्या बायकोला फोन लावून विचारलं, खरं आहे का. "हां भैया," ती एवढंच म्हणाली. अजून माझं डोकं ठिकाणावर नाही.

बल्लारशाहून तू चेन्नईची गाडी धरलीस तेव्हा तामिळचा एक शब्द तुला येत नव्हता. मी म्हटलं, "अबे, बोलशील कसा?"

"बोलाले दुसरा मानूस ठेवतेत. मले फक्त डोळे वटारून पडा लागते."

पहिल्या पिक्चरमध्ये तू आपल्याच नाटकातले मराठी संवाद ठोकलेस आणि पडद्यावर तुझ्या तोंडून भलत्याचाच आवाज निघाला. माय म्हणाली होती, "तोंड माह्या पोराचं, बोलते कोन मेला?" पुढे तू तामिळ शिकलास, स्वतःच्या आवाजात बोलू लागलास. पोस्टरवर हिरोच्या खांद्याशी आलास. मरणं मात्र सुटलं नाही.

दिवाळीत आलास तेव्हा किती खूश होतास. म्हातारा मास्तर, आणि शेवटच्या सीनपर्यंत जिवंत. "पाह्यजो, यंदा कोनी मारत नाई मले." तो रोल अर्धाच टाकून गेलास ना? एवढी कसली घाई होती?

कालपासून मायला कोणी सांगितलेलं नाही. व्हिडिओ पोरांनी तिला दाखवला, तोही आम्ही हसत होतो तेव्हा. आता सगळे म्हणतात, "हनीफभाऊ, तुमीच सांगा." मघाशी जाऊन आलो. माय अंगणात तूर पाखडत होती.

"ये बाबू. पाह्यलं का, काल पुन्हा मारलं त्याले."

"हो माय."

"या पिक्चरमंदी रक्त नाई लावलं काऊन?"

मी पाणी मागितलं, प्यायलो आणि परत फिरलो. जन्मभर दुसऱ्यांचे आवाज मोठे करत आलो, आणि तिच्यासमोर माझाच आवाज निघेना.

आता उठतो. तिच्याजवळ बसून, तिचा हात धरून, सरळ शब्दांत सांगीन. ती आधी मानणार नाही. म्हणेल, "तुले बी फसवलं त्यानं." मग मी पुन्हा सांगीन. शिव्या देईल, सूप फेकून मारेल, मारू दे. तिला खरं वाटेपर्यंत मी ते अंगण सोडत नाही. गाडीचं दार उघडल्यावर तुला पाहून माय हसणार नाही, एवढं माझ्याकडे लागलं.

तुझा,
हनीफ