डाव्या हाताची मूठ

बित्ती, १२ मार्च

प्रिय अन्तिओका,

तू आणि घरचे बरे असाल. इकडे मेंढ्यांना भरपूर दूध आहे, चीज यंदा चांगलं उतरतंय. तुझ्या पेप्पिनावहिनीचा खोकला एकदाचा गेला. ती तुझी आठवण काढते.

माझ्या उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं, हे तुझ्या कानावर आलंच असेल. जन्मभर धारा काढून काढून आतली नस दबली होती. रात्री मुंग्यांनी जाग यायची, दिवसा बोटं लाकडासारखी. बादली हातातून सुटायची आणि मी मेंढीला शिव्या घालायचो. शेवटी पेप्पिनाने मला ओढत नुओरोच्या इस्पितळात नेलं. डॉक्टर म्हणाले, नस मोकळी करू, पण ती फार दिवस दबलेली आहे. तुमचंच रक्त काढून यंत्रात घुसळू आणि त्यातला प्लेटलेट्सचा पिवळसर भाग नसेभोवती सोडू. भरून यायला कदाचित मदत होईल. खात्री दिली नाही. मी हो म्हटलं.

रक्त काढायला आली तुझी मारियांजेला.

ती तिथे कामाला आहे हे ठाऊक होतं, पण तीच समोर येईल असं वाटलं नव्हतं. तिच्या बाळाच्या बाप्तिस्म्यानंतर मी तिला पाहिलंच नव्हतं. तिने माझं नाव वाचलं, मान वर केली नाही. उजव्या बोटांना चिमटा काढून विचारलं, कळतंय का. नाही म्हटलं. कधीपासून, तर मागच्या हिवाळ्याच्या आधीपासून.

ती थांबली. "म्हणजे चर्चच्या दारात मी बाळ तुमच्यापुढे धरलं, तेव्हाही?"

मी होकारार्थी मान हलवली. तिचा चेहराच बदलला.

"मग सांगायचं नाही का, मामा? आई आणि मी काय काय समजून बसलो."

मग तिने डाव्या दंडाला पट्टा बांधला आणि मूठ आवळायला सांगितलं. मी आवळली. शिरा टरारून वर आल्या. ती त्या मुठीकडे बघत राहिली. नंतर सुई घातली, नळ्या भरल्या.

अन्तिओका, उजवा हात बधिर होता हे खोटं नाही. पण डावा धड होता. तरी मी दोन्ही हात खिशात घातले, माझे हात मळलेत असं चारचौघांत म्हणालो आणि दारातूनच मागे फिरलो. समोर बारमधले सगळे उभे होते. बापाचं नाव नसलेलं लेकरू घरातल्या थोरल्याने उचललेलं त्यांनी बघू नये, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

टाके काढायला गेलो तेव्हा हे मी मारियांजेलाला सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं. आईला मी बोललेले नाही. ते तुम्हीच सांगा."

म्हणून हे लिहितोय. बोटांच्या टोकांत आता जीव येतोय. तो पिवळा भाग लागू पडला की नुसती नस मोकळी झाली म्हणून, हे डॉक्टरांनाही सांगता येत नाही. काल कोकराची ओली लोकर बोटांना कळली. आनंद व्हायच्या ऐवजी मला रडू आलं.

रविवारी येतोय, एकटाच. दार उघडलं नाहीस तर पायरीवर थोडा टेकून परत जाईन, माझी तक्रार नसेल. उघडलंस, तर लगेच बाळ माझ्या हातात देऊ नकोस. आधी तिचं नाव सांग. इतक्या महिन्यांत मी ते कुणाला विचारलेलं नाही.

'तुझा दादा' असं लिहायला आज हात धजत नाही,

बाकीझिओ