माई घराबाहेर पडल्या

तळेरे, श्रावण १९६१

नीरजाच्या बाबांस, तुळसाचा नमस्कार.

आपलं घर राहिलं नाही. सततच्या पावसाने घरामागच्या डोंगराला भेग पडली, फणस कलला, झऱ्याला तांबडं पाणी येऊ लागलं. सगळी वाडी खाली देवळात गेली. तुमच्या आई मात्र तुमची वाट बघत उंबऱ्यावरून हलेनात. "माझो झील इलो तर माका खंय शोधतलो? मी येवचंय नाय."

मग मी खोटं बोलले. "माई, ते इलेत. तळेऱ्याक एस्टीतून उतरलेत, तुमची वाट बघतत."

त्या अनवाणीच धावल्या. त्यांना इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. आम्ही ओढा ओलांडला आणि मागे दरड घरावर कोसळली.

माई वाचल्या, पण त्या दिवशी तुमची चुकामूक झाली असं समजून आता रोज एस्टीच्या थांब्यावर जाऊन बसतात. खरं सांगायचं मला धैर्य होत नाही. तुम्ही बोटीवर गेल्यापासून तुमचा पत्ताही नाही, त्यामुळे हे पत्र माझ्याकडेच राहील.

काल त्यांनी विचारलं, "तू बघितलंस मा तेका? बारीक झालो काय गो?"

मी म्हटलं, "थोडे. पण बरे आसत."

देव करो, एवढं तरी खरं असो.

तुमची,
तुळसा